तपासणीच्या दिवशीचं गाऱ्हाणं

वेंगुर्ल्यात माझं पाळणाघर आहे. आया काजूच्या कारखान्यात जातात आणि त्यांची पोरं दिवसभर माझ्या पडवीत धुडगूस घालतात. गेल्या वर्षी नोटीस आली: परवाना घ्या, नाहीतर बंद करा. पाळणाघर बंद म्हणजे त्या बायांचं कामही बंद. पोरांना टाकून जाणार कुठे?

मग मी कंबर कसली. परवान्यासाठी अर्ज केला, विहिरीवर जाळी बसवली, पाणी तपासून घेतलं, साबणाने हात धुवायची पोरांना सवय लावली. तरी तपासणीच्या सकाळी शेजारचे काका नारळ घेऊन हजर! आमच्याकडे देवाला साकडं, म्हणजे गाऱ्हाणं, घातल्याशिवाय कुठलं काम सुरू होतं? तुळशीपुढे उभे राहून काका गरजले, "बा देवा म्हाराजा, आजची तपासणी पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरं ओरडली. देवापुढच्या प्रत्येक मागणीला सगळ्यांनी मिळून हो म्हणायचं, हा खेळ त्यांना असा आवडला, की विचारू नका.

नारळ फोडून काका गेले आणि ओरोसहून, जिल्ह्याच्या ठिकाणाहून, आरोग्य खात्याच्या बाई आल्या. चेहरा करडा, मराठी एकदम शुद्ध. त्या मला नियम सांगू लागल्या.

"पिण्याचं पाणी उकळून द्यायचं."

"व्हय म्हाराजा!"

मी डोळे वटारले. कोण बघतंय!

"औषधं कुलपात ठेवायची."

"व्हय म्हाराजा!"

बाई थांबल्या. गेला परवाना, म्हटलं.

त्यात सगळ्यात धाकटी पोर खोबऱ्याचा तुकडा घेऊन बाईंपुढे गेली. बाईंनी हात पुढे केला, तशी हिने खोबरं मागे ओढलं. "आदी हात धू!"

मेले मी! पण बाई तिच्यापुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "खंय धुवचे गो बाय?"

अख्खी वरात त्यांना नळावर घेऊन गेली. बोटांच्या मधे कसं चोळायचं, नखं कशी घासायची, सगळं बाईंना शिकवण्यात आलं. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी. परत येऊन खोबरं चावत मला म्हणाल्या, "परवानो गावतलो तुमका." मिळणार, परवाना मिळणार!

संध्याकाळी धाकटीची आई दारातच थबकली. विचारायचा धीर होईना तिला.

"काकी, उद्या घेवन येव मां हिका?"

"अगो, उद्या, परवा, शाळेत जायपर्यंत घेवन ये!" म्हटलं मी, आणि मलाच रडू फुटलं.