मास्तरचा अंगठा

"मेडशीची ना तू? खालच्या वस्तीतले हात हायेत हे. कितीक धुवा, काहीतरी राह्यतेच."

मास्तर मले हे बोलला तवा बी.एस्सी.ची अख्खी बॅच उभी होती. पोरं फिदीफिदी हसली. सत्तरच्या दशकातली गोष्ट, वाशीमचं कॉलेज. मी प्रयोगशाळेत मदतनीस. वस्तीतली पयली बी.एस्सी. झालेली पोरगी, अन हातात ओलं फडकं.

मास्तर मोठ्या घरचा. पीएच.डी. करून राह्यला होता. मुंबईहून त्याचा दोस्त उंदरांतल्या कॅन्सरच्या पेशी ॲसिडात विरघळवून बाटल्यांत पाठवे. काही पेशी औषधानं मरणाऱ्या, काही औषधाले न जुमानणाऱ्या. त्या निबर पेशींत कॅल्शियम जास्त असते का, एवढंच आमाले मोजायचं होतं. आकडे मात्र रोज नाचत. आज दुप्पट, उद्या निम्मे. मास्तरले कारण सापडलं ते माहे हात! म्हणे, आजपासून बाटल्यांले शिवायचं नाई, भांडे घास.

माय वं, असा संताप आला! आमी धम्म घेतला तवा बाप म्हणे, विटाळ संपला. अन हा शिकलेला गडी तो पुन्हा प्रयोगशाळेत घेऊन आला.

भांडे घासता घासता मी पाहून राह्यली होती. मास्तर तळहातावर चुना घेऊन अंगठ्यानं तंबाखू मळे. चिमूट दाढेत. मग तोच अंगठा नमुन्याच्या नळीच्या तोंडावर दाबून नळी खळखळ हलवे. चुन्यात कॅल्शियम असते हे शाळेतल्या पोराले ठाऊक, याले नाई. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी बॅचसमोर मी तीन नळ्यांत नुसतं डिस्टिल्ड पाणी भरलं. एक तशीच ठेवली. एक मी अंगठा लावून हलवली. तिसरी त्याले दिली.

"हलवा सर, रोज हलवता तशी."

कॅल्शियम मोजायच्या यंत्रातल्या ज्योतीत एकेका नळीतलं पाणी सोडलं. साध्या पाण्यानं काटा जागचा हलला नाई. माह्या नळीनं जरासा थरथरला. मास्तरच्या नळीनं ज्योत विटकरी झाली अन काटा पार टोकाले. पोरायचं हसू बंद.

दुपारी त्यानं खोलीत बोलावलं. कागद तयारच होता. 'माझ्या निष्काळजीपणामुळे नमुने दूषित झाले.'

"सही कर. नाईतर उद्यापासून येऊ नको."

"कायले करू? काटा तुमच्या अंगठ्यानं हलला."

मंग आवाज मऊ झाला. "आपसातली गोष्ट आहे, पोरी."

पोरी! काल मी वस्तीतले हात होती. थू असल्या मायेवर.

सही केली नाई. नोकरी गेली. घरचं पीठमीठ माह्या पगारावर होतं, माय रडली. मी त्याच संध्याकाळी मुंबईच्या त्या दोस्ताले पत्र लिहिलं. हे आकडे फेकून द्या, हे कॅन्सरचे नाईत, तंबाखूच्या चुन्याचे हायेत. असल्या आकड्यांवर उद्या कोणाच्या मायचं औषध ठरलं असतं.

तवाच ठरवलं, उत्तर येवो, न येवो. सही मी खऱ्या आकड्याखालीच करीन. अन खोट्या माणसाले यापुढं सर म्हणणार नाई.