कोंड्याला विकलेला कडुबा

लेकानं, सोमनाथनं, मोबाइल पुढं केला तेव्हा सर्जेराव चहात बटर बुडवत होते.

"आबा, सापडली! कुणबी नोंद सापडली!"

मोबाइलवर निजामाच्या काळातल्या जन्माच्या बुकाचं पान होतं. अक्षर मोडी. खाली वाचून देणाऱ्यानं साध्या मराठीत लिहिलं होतं: मौजे पिशोर, मुलाचं नाव कडुबा, बाप सांडू, जात कुणबी.

स्वयंपाकघरातून मोनिका, त्यांची सून, पदराला हात पुसत बाहेर आली. नात श्रेया तर नाचायचीच बाकी होती. बारावी होऊन तिला फार्मसीच्या कॉलेजात जागा मिळाली होती, पण कुणबी जातीचा दाखला नंतर देतो असं लिहून देऊन घेतलेली जागा होती ती. मुदत संपत आली होती. दाखला नाही तर जागा नाही, आणि तेवढी फी भरून दुसरीकडं घालण्याची ऐपत बजाजनगरच्या त्या दोन खोल्यांत कुणाचीच नव्हती.

बटर कपात विरघळून गेलं. सर्जेरावांचं तिकडं लक्ष नव्हतं.

"सोमनाथ, सांडू माझा आजा नव्हं रे. आजा रखमाजी."

"माहीत आहे. पण कडुबा तर तुमचेच वडील ना? तेव्हा आडनाव लिहीतच नव्हते. बापाचं नाव चुकलं असंल."

"चुकलं नाय. मुद्दाम सांगितलेलं हाय."

मग त्यांनी सांगितलं. घरात हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं नव्हतं इतकंच.

रखमाजीला पोरं व्हायची आणि जायची. पाचवीची पूजा झाली न झाली की पोर गार पडायचं. सटवाई आपल्या घरावर डूख धरून बसली आहे, असं गाव म्हणायचं. म्हणून कडुबा जन्मला तेव्हा रखमाजीनं त्याला पोटाशी धरलंच नाही. उकिरड्यावर नेऊन ठेवलं. आधी ठरल्याप्रमाणं शेजारच्या आळीतला सांडू सूपभर कोंडा घेऊन आला, कोंडा रखमाजीच्या उपरण्यात ओतला आणि पोर उचललं. असं बेवारस, कवडीमोलाचं पोर सटवाई कशाला नेईल? नाव ठेवलं तेही कडू. पाजायला मात्र रखमाजीची बायको रोज सांडूच्या घरी जायची, परक्याच्या पोराला पाजल्यासारखं तोंड करून. दात आल्यावर पोर घरी आणलं.

"आणि कोतवाल लिहायला आला," सर्जेराव म्हणाले, "तर त्याला खरं कसं सांगायचं? सटवाई ऐकत असली तर? म्हणून बाप सांडूच लिहिला."

"मग बरंच झालं की," मोनिका म्हणाली. "रखमाजीचा कागद शोधला होता ना? जातीचा रकाना कोराच निघाला. हे तर देवानं दिलं."

"देवानं नाय. रखमाजीनं दिलं," सर्जेराव पुटपुटले, आणि ते कुणाला ऐकू गेलं नाही.

आता वंशावळ लिहून द्यायची होती. त्यात कडुबाच्या वर सांडू. शिवाय गावात तलाठ्यासमोर जुन्या माणसाचा जबाब. सांडूची लेक आवडाबाई अजून पिशोरात होती. नवरा वारल्यापासून माहेरीच राहिलेली, नव्वदीला टेकलेली. कडुबाला तिनं शेवटपर्यंत भाऊबीज ओवाळली होती.

बापलेक मोटारसायकलवरून पिशोरला पोचले. आवडाबाई ओट्यावर लसूण सोलत होती.

"कोन? सर्जा? आरं, बोलावणं पाठवावं लागतं का तुला यायला?"

"आत्या, काम होतं जरा."

"कामाबिगर कोन येतं म्हातारीकडं! ह्यो कोन, सोम्या? पोट सुटलं की रं तुझं. बायको लई खाऊ घालते जनू."

सोमनाथनं हसून नोंदीचं सांगितलं. म्हातारीनं बोटांना लागलेलं टरफल झटकलं.

"मग त्यात काय इचारायचं? कडुबा आमचाच. सूपभर कोंडा मोजलाय माझ्या बापानं. सर्जा, तुझ्या आज्यानं सोडवून नेलाच नाय कधी रीतीनं. दात आले, की गुपचूप उचलून नेला चोरानं!" आणि ती बोळक्या तोंडानं इतकी हसली की तिला ठसका लागला. "लिहून घे तलाठ्याला म्हणावं. कडुबा माझा भाऊ. सख्खा."

सोमनाथचा जीव भांड्यात पडला. सर्जेराव मात्र ओट्याच्या कडेला बसून समोरच्या गल्लीकडं बघत राहिले. रखमाजी त्यांना आठवत होता. लहानपणी त्यांना खांद्यावर घेऊन तो ह्याच गल्लीतून बाजारात न्यायचा. गुडघे दुखायचे त्याचे, तरी खाली उतरवायचा नाही. त्यानं कडुबाला आयुष्यभर नावानं हाक मारली, कधी 'बाळा' म्हटलं नाही. सवय लागली होती म्हणे. पोर मोठं झालं, त्याला पोरं झाली, तरी म्हाताऱ्याची भीती गेली नव्हती.

तलाठी तरुण आणि घाईत होते. चावडीत आवडाबाईनं ठणकावून सांगितलं, अंगठा उठवला. तलाठ्यांनी कागद सर्जेरावांकडं वळवला.

"बाबा, तुमचं नाव सर्जेराव. वडील कडुबा. आणि आजोबा?"

सोमनाथनं मागून हळूच पाठीला हात लावला.

सर्जेरावांना सांडू म्हणायचं होतं. घरून निघताना ठरवून निघाले होते. श्रेयाचा चेहरा डोळ्यांपुढं होता. आणि सांडूनं केलं होतंच की, पोर उचललं होतं. पण ते नाव लिहिलं की रखमाजी संपला. जिता राहावा म्हणून ज्यानं पोराला लोकाचं केलं, त्याला आता नातवानं शपथेवर पुसून टाकायचं.

"रखमाजी," ते म्हणाले.

"सांडू ना? बुकात सांडू आहे."

"बुकात हाय. पर आजा रखमाजी. पोर जगावं म्हणून तसं लिहिलं होतं."

तलाठ्यांनी पेन खाली ठेवलं. "मग ही नोंद तुमची धरता येत नाही, बाबा. मी जे सांगाल तेच लिहिणार."

सोमनाथ बाहेर गेला. आवडाबाईला सगळं कळायला क्षण लागला. मग ती काठी टेकत उठली.

"सर्जा, चार मानसांत मला खोटी पाडली तू."

"आत्या, तसं नाय..."

"मग कसं? तुझा बाप माझा भाऊ नाय, तर इतकी वर्षं मी ओवाळलं कुनाला?"

तिला घरापर्यंत पोचवायला सर्जेराव मागं निघाले, तर तिनं हातानंच थांबवलं.

सोमनाथ चावडीबाहेर मोटारसायकलपाशी उभा होता. मोबाइल वाजत होता. त्यानं तो उचलून बापाच्या हातात दिला.

"श्रेया आहे. तुम्हीच सांगा."

"आबा, झालं?" पोरीचा आवाज आनंदानं फुटत होता.

"नाय झालं, बाई."

"का? पिशोरच्या आजी बोलल्या नाहीत का?"

"बोलली ती. मीच... रखमाजीचं नाव सांगितलं. तुझ्या खापरपणजोबाचं. खोटं बोलवंना गं."

फोनमधून घराजवळच्या कंपनीचा भोंगा ऐकू आला. मग ती अगदी हळू म्हणाली,

"आबा, मला तर परवापर्यंत त्यांचं नावसुद्धा माहीत नव्हतं."

ती रागावली असती तर त्यांना सोसलं असतं. त्यांनी फोन सोमनाथकडं दिला आणि ते मोटारसायकलच्या मागं बसले. सोमनाथनं गाडी लगेच चालू केली नाही.