हौसाआत्या आणि म्हशीचा कोंडा

हौसाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून उभी होते. तिच्या मुलानं, कोंडिबानं, बातमी सांगून फोन ठेवला, तोवर दूध उतू गेलं, आणि मी कितीतरी वेळ नुसती शेगडी पुसत राहिले. नव्वदी ओलांडलेलं माणूस जाणारच, हे कळत होतं, तरीही. ही माझी सख्खी आत्या, आणि मला आयुष्यात पहिलं खरं उत्तर देणारं माणूस. महिना झाला तिला जाऊन, पण तिची आठवण आली की मला अजून आधी हसूच येतं.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. वेल्ह्याजवळच्या आमच्या वाडीत भाताची खाचरं, गोठ्यात एक म्हैस आणि थोडी मेंढरं, एवढाच संसार. किकवीला दिलेली आत्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची आधीची दोन पोरं जगली नव्हती, हे मोठी माणसं कुजबुजत बोलत, आणि कुजबुज पोरांना फार स्पष्ट ऐकू येते. बाळ कुठून आणतात, असं मी थोरल्या काकीला विचारलं. घरचा सगळा कारभार तिच्या हातात, तेव्हा तिलाच माहीत असणार! तिनं भाकरी थापता थापता ठोकून दिलं, "कोंड्यावर घेत्यात. तुलाबी पाटीभर कोंडा दिऊनच घेतली. त्यातबी फसलो आमी." मेंढी व्यायची तेव्हा आम्ही पोरं पुढ्यात बसून बघायचो, पण माणसांचा व्यवहार निराळा असेल, असं मी धरून चालले.

आता माझ्या डोक्यात चक्र फिरू लागलं. किकवीला दोन्ही वेळेला कोंडा कमी पडला असणार, म्हणूनच ती बाळं टिकली नाहीत. आणि इथं आमची म्हैस रोज तोच कोंडा मटकावत होती! तिचं आंबोण कालवायचं काम माझ्याकडे होतं. मी आंबोणात नुसतं पाणी आणि चिमूटभर पेंड घालू लागले, आणि कोंडा ओच्यातून नेऊन माजघरात गोधड्यांच्या चळतीमागे साठवू लागले. म्हशीनं पान्हा चोरला. काकीनं तिची मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली, मग शेजारणीच्या नावानं बोटं मोडली, तरी म्हैस ढिम्म. इकडे माजघरात निजणारी आत्या दिवसभर शिंकत सुटलेली. काकी तिला ओव्याचा काढा पाजायची, आत्या तो पिऊन पुन्हा शिंकायची. शेवटी एके दुपारी तिनं वैतागून गोधड्या ओढल्या, आणि कोंड्याची रास तिच्या पायावर आली.

"ह्ये कुणी साठवलं गं?"

"म्या. म्हशीनं खाल्ला तर तुझं बाळ कशावर आणायचं?"

आत्या पोट धरून हसली. हसता हसता तिनं मला जवळ ओढलं आणि माझा हात आपल्या पोटावर ठेवला. आतून कुणीतरी लाथ मारली. मी हात काढून घेतला, मग पुन्हा ठेवला.

"बाळ हितं हाय. बाजारात न्हाई. मेंढीला कोकरू हुतं तसंच हुणार."

"अगदी मेंढीवानी?"

"व्हय. फकस्त मेंढी गप ऱ्हाती, म्या वरडणार. तवा भ्यायचं न्हाई."

"मग कोंडा कशाला?"

"त्यो मागनं. पोर झालं की सुईणीला दिऊन टाकायचं, आन कोंडा दिऊन माघारी घ्यायचं. म्हंजी मरणाला वाटतं, कोंड्याच्या मोलाचं पोर, कशाला न्यायाचं."

"मरण फसंल?"

"ठावं न्हाई, पोरी," आत्या म्हणाली. "पर म्या करून बघणार हाय."

ही बातमी पोटात ठेवणं मला शक्य नव्हतं. संध्याकाळी पाहुण्यांच्या पंगतीत मी मोठ्यानं विचारलं, "काकी, तू बी मेंढीवानीच व्यालीस का गं?" काकीच्या हातातली आमटीची पळी पाहुण्याच्या धोतरावर सांडली. "वन्सं, पोरीला काय ह्ये शिकिवलं?" असं ती कडाडली. आत्या शांतपणे म्हणाली, "वैनी, खरं सांगितलं. न्हाईतर म्हैस उपाशी मरत हुती."

पुढे आत्याचे दिवस भरले आणि एका सकाळी माजघरातून आरडाओरडा ऐकू आला. बाकीची पोरं रडू लागली. मी दारात उभी राहून सगळ्यांना सांगत होते, "भिऊ नका, ती वरडणारच हुती." सुईणीला बाळ दिलं, मी राखलेला कोंडा पाटीत भरून दिला आणि बाळ परत घेतलं. तोच हा कोंडिबा. तो जगला, आणि आत्या त्यानंतर कुठल्याच पोराला खोटं बोलली नाही.

तिच्या दहाव्याला गेले, तर कोंडिबाची चार वर्षांची नात सगळ्यांना विचारत होती, "पणजी कुठंय?" बायका म्हणाल्या, गावाला गेली, एसटीनं येईल. पोर निघालीच स्टँडवर. कोंडिबानं तिला उचलून मांडीवर घेतलं. "पणजी मेली, बाळा. लई म्हातारी झाली हुती. आता ती येणार न्हाई." पोरीनं विचार केला. "मग तिच्या घोंगडीवर म्या निजू?" कोंडिबानं घोंगडी अंथरली, तिला निजवलं आणि म्हणाला, "जरा अलीकडं सरक. भिंतीकडंची जागा तिला लागती."

"ती तर येणार न्हाई म्हणाला ना?"

कोंडिबा घोंगडीची सुरकुती काढत राहिला.