कप कुठे ठेवतेस?

"कप धुऊन ठेव. तिथे नाही, खिडकीत."

मुलुंडला, आमच्या सरांच्या घरी, त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या. एम.ए.च्या पहिल्या प्रकल्पाचा आराखडा दाखवायला गेले होते मी. त्यांनी आधी आडनाव विचारलं, मग चहा आणला. सरांना कपबशी. मला कान तुटलेला कप. खिडकीच्या जाळीत त्यांच्या कामवालीचा कप उपडा होता. त्याच्या शेजारी माझा ठेवला. धुऊन. हो, धुतला मी! अजून हात जळतात.

माझा विषय होता आमच्या घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतलं पाणी. सर म्हणाले, "तू तिथलीच. तुला तटस्थपणे लिहिणं जमायचं नाही. तू बायकांच्या ओळखी करून दे, लिहील दुसरं कुणीतरी."

"बरं सर" म्हणून निघाले. जिन्यात डोकं सणकलं. आम्ही फक्त दाखवायचं काय? मग मीच बघते तुमची घरं! विषय बदलला. घरकाम करणाऱ्या बायकांचा वेगळा कप.

सर हसले. "कर. काही सापडायचं नाही."

वस्तीत विचारत सुटले, "तुमचा कप वेगळा असतो का?" सगळ्या नाही म्हणाल्या. एकजात. वाट लागली माझी. संपात बाबांची गिरणी सुटल्यापासून आईसुद्धा धुणीभांडी करायची. तीही म्हणाली, "छे गं! वेगळा कसला? माझा स्वतःचा कप आहे. बाईंनी दिलाय. दुसरं कुणी हात नाही लावत त्याला."

कौतुकानं सांगत होती.

"आणि पिऊन झाला की कुठे ठेवतेस?"

"गॅलरीत. झाडूच्या मागे."

बोलली आणि स्वतःशीच परत म्हणाली, "झाडूच्या मागे." मग म्हणाली, "लिही. हेच लिही."

प्रश्नच चुकला होता माझा. नवा प्रश्न घेऊन परत दारोदार फिरले. आता बायका थांबेनात. खिडकीत. संडासाच्या दाराशी. चपलांच्या फळीवर. एकीनं दुसऱ्या दिवशी आपला कप बाईंच्या कपांत नेऊन मांडला. काम गेलं तिचं. म्हणाली, "गेलं तर गेलं."

सगळं लिहिलं. माझा खिडकीतला कपही, कुणाचं नाव न घालता. सरांनी घरी बोलावलं.

"हे खिडकीतल्या कपाचं प्रकरण काढ, नाहीतर सही मिळणार नाही. हा राग आहे, संशोधन नाही."

"राग आहेच, सर. खोटं काय आहे ते दाखवा."

पानं उलटत बसले. सापडेना. मीही हलले नाही. शेवटी सही केली, माझ्याकडे न बघता.

तेवढ्यात चहा आला. या खेपेला नक्षीच्या कपबशीत. मी म्हटलं, "आधी खिडकीतला तुमच्या कामवालीचा कप आत घ्या."

कुणी उठलं नाही. चहा गार झाला. मी कागद उचलले आणि निघाले.

आजही कुणाच्या घरी गेले की आधी विचारते, तुमच्या कामवालीचा कप कुठे ठेवता? तो आत येईपर्यंत तुमच्या चहाला मी शिवणार नाही.