दुसरा चमचा

नंदुरबारहून अक्कलकुव्याला जाणाऱ्या बसमध्ये एक बाई माझ्या शेजारी बसली. मिरची वाळवायच्या पथारीवर दिवसभर देठ खुडून घरी निघालेली. बोटांची टोकं लालभडक. कपाळावरचे केस ती मनगटानं मागे सारायची, बोटं काही चेहऱ्याला लागू द्यायची नाही.

मी मोबाइल बघत होतो. लेक इटलीत शिकते. सुट्टीच्या दिवशी चित्रांची संग्रहालयं पालथी घालते, बाहेरच जेवते आणि फोटो पाठवते. चित्रं, पुतळे, अर्धवट खाल्लेलं जेवण. स्वतःचा एकही नाही, आणि जेवणाच्या प्रत्येक फोटोत एकच ताटली. परक्या गावात पोर एकटीच जेवते, हे मला महिनाभर खात होतं. न राहवून शेजारणीला बोलून गेलो.

तिनं मोबाइलला हात लावला नाही. वाकून बघितलं आणि कोपरानं दाखवलं. "एकली नई शे तुमनी पोर, भाऊ. ताटली एक, पन चमचा दोन शेतस. आम्ही बाया पथारीवर असंच जेवतस."

मी फोटो मोठा केला. खरंच दोन चमचे होते, आणि भात दोन्ही बाजूंनी खाल्लेला. आमच्या घरी प्रत्येकाचं ताट वेगळं, म्हणून ते मला दिसलंच नव्हतं. लेकीला लिहिलं, "दुसरा चमचा कोणाचा गं?"

"मैत्रिणीचा. पप्पा, तुम्हाला कसं कळलं?"

तेवढ्यात शेजारी तिनं भाकरीचं गाठोडं सोडलं. भाकरी मोडून अर्धी माझ्याकडे सरकवली. भाकरीला तिच्या बोटांची मिरची लागली होती. डोळ्यांत पाणी यायला मला आयतं कारण मिळालं.