झुंबरबाईचा आवाज आणि कोंडाजीचा कान

झुंबरबाईनं लोणावळ्याच्या बाजारात मेथीचा भाव विचारला, की वलवणच्या धरणावरचे बगळे उडतात, असं लोक म्हणत. म्हणेनात का! बाईचा आवाज काही जन्मतः तसा नव्हता. दोन वर्षं नवऱ्याशी बोलून बोलून तो तसा झाला होता. नवरा कोंडाजी रेल्वेच्या गँगमध्ये, घाटात रुळांवर राबणारा. आणि त्याच्या दोन्ही कानांनी संप पुकारला होता.

रुळावरचा माणूस आणि ऐकू येत नाही! इंजिनाची शिट्टी झाली, की बाकीचे टणाटण बाजूला उड्या मारायचे आणि हा आपला खडी ओढतोय. दोनदा सोबत्यांनी दंडाला धरून खेचला म्हणून वाचला. शेवटी मुकादम भिमाजीनं झुंबरबाईलाच गाठून बजावलं, "सोमवारी सायेब शिट्टी वाजवून बगनार. ऐकू न्हाई आली तर नाव कटलं. खोली रिकामी करायची!"

नोकरी गेली, की रेल्वेनं दिलेली खोलीही जाणार. पण डोळ्याला पदर लावणाऱ्यांतली झुंबरबाई नव्हे. बाजारपेठेत कान-नाक-घशाचा नवा दवाखाना निघाला होता, पुण्याचा डॉक्टर दर रविवारी यायचा. रविवारी तिनं नवऱ्याला पुढं घातलं आणि निघाली.

दवाखान्यात ही गर्दी! कुणाचं नाक वाहतंय, कुणाच्या घशात माशाचा काटा. एक पागोटंवाला मध्येच घुसायला बघत होता. झुंबरबाई त्याच्याशी भांडायला वळली आणि कोंडाजी एकटाच कंपाउंडरच्या टेबलाशी सापडला.

"कधीपासून बहिरे?" कंपाउंडर खेकसला.

आता, कोंडाजीच्या गावचा देव बहिरी. कानात शिरला तो तेवढाच शब्द. गड्यानं छाती काढली. "बाप-आज्यापासनं!"

"काय? घरात आणखी कोण बहिरे?" कंपाउंडर त्याच्या कानाशी ओरडला.

"घरातलं काय इचारता? समदं गावच बहिरीचं!"

कंपाउंडरनं चष्मा काढून त्याच्याकडं पाहिलं. "पिढीजात दिसतंय. याला औषध नाही. चला, पुढचा!"

"पुडचा?" झुंबरबाई गर्रकन फिरली. "आन् आमी काय हितं जत्रंला आलोय?"

"बाई, तुमचं अख्खं गाव बहिरं. डॉक्टर काय करणार?"

"आरं चष्मेवाल्या, बहिरी आमचा द्येव हाय! धनी द्येवाचं सांगत्यात!"

आतला पडदा हलला. कपाळावर गोल आरसा बांधलेले डॉक्टर बाहेर आले. "या बाईंचा घसा तर ठणठणीत आहे. कान कुणाचा दाखवायचाय?"

कोंडाजीला खुर्चीत बसवून त्यांनी कानात उजेड पाडला आणि बराच वेळ बघत राहिले. "कानात काय घालता?"

"तेल-शेंदराचा बोळा," झुंबरबाई म्हणाली. "ऐकू कमी यायला लागलं तवापासनं बहिरीचा भगत दर आमुशाला घालतो."

"आणि आधीचा काढतो ना?"

झुंबरबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. मग डॉक्टरांकडं. "आदीचा... काढायचा असतो व्हय?"

हसायचं काम नाही. बहिरीनं कधी कुणाच्या कानात बोळे मागितले नव्हते. भगतानं मात्र दर खेपेला कोंबडी मागितली होती!

डॉक्टरांनी पितळी पिचकारी भरली. कोमट पाण्याची धार कानात गेली आणि चिमट्यानं एकामागं एक लाल बोळे बाहेर निघू लागले. मागून काळा मळ. झुंबरबाई तसराळं धरून उभी होती.

"अवं, येतंय का काई?" तिनं विचारलं.

कोंडाजीनं दचकून दोन्ही कान झाकले. "झुंबरे! केवड्यांदा वरडतीस गं!"

"या बया! अवं, ही माजी हळू बोली हाय!" पागोटंवाल्यासकट सारा दवाखाना खदखदून हसला. तीही हसली आणि तिथंच तिनं डोळ्याला पदर लावला.

सोमवारी ती रुळाच्या कुंपणाला जाऊन चिकटली. कोंडाजी पाठमोरा उभा. बऱ्याच अंतरावर साहेब आणि शिट्टी घेतलेला भिमाजी. शिट्टी दातांत धरता धरता भिमाजी शेजारच्याला पुटपुटला, "बहिरं आज घरी जातंय बग."

कोंडाजी जागच्या जागी वळला.

"बहिरं न्हवं, मुकादम, बहिरीचा हाय मी! आन् शिट्टी वाजवा की, सायेब खोळंबलाय!"

साहेबानं हसून मान डोलावली. त्याच क्षणी कुंपणापलीकडून झुंबरबाईनं अशी आरोळी ठोकली, की भिमाजीच्या तोंडातली शिट्टी आपसूक वाजली.