आपांची पाटी आणि जुळणारा सोर्स

आमच्या घरात कॉम्प्युटर मी चालवते हे ऐकलं की लोक आधी आमच्या ह्यांच्याकडे बघतात. ह्यांचं उत्तर ठरलेलं. "माझ्याकडे बघू नका, मी फक्त पुसतो." मी कुठे शिकायला गेले नाही. लेक परगावी जाताना तिचा जुना कॉम्प्युटर इथेच ठेवून गेली, त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम होती, आणि मला दुपारी झोप येत नाही. एवढंच.

सदाशिव पेठेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या ब्लॉकात आपा राहतात. भरतकामाची नक्षी काढण्यात त्यांचा हातखंडा, पण अलीकडे कागदावरचं बारीक दिसेना. मग मी लेकीची जुनी पाटी काढली. पाटी म्हणजे पेन-टॅबलेट हो. तिच्यावर पेन फिरवलं की रेघ पडद्यावर उमटते आणि हवी तेवढी मोठी करून बघता येते. आपांचा हात पुन्हा चालू झाला. नातीनं तर सांगूनच टाकलं, निकाहच्या ओढणीवर आजीच्याच हातची वेल हवी. ओढणी भरून देणारा कारागीर रविवारी संध्याकाळी नक्षी न्यायला येणार होता. तयार नसली तर फोनमधली कुठलीतरी वेल भरीन, असंही बजावून गेला होता. त्याचंही बरोबर, लग्न काही थांबत नाही.

आणि मी काय करावं? शनिवारी सिस्टीम अपडेट केली. रविवारी सकाळी पाटी मुकी. पेन फिरवा, दाबा, पडद्यावर ढिम्म काही हलेना. अर्धी वेल तशीच लोंबकळत.

कारण मला माहीत होतं. पाटी इतकी जुनी, की तिचं म्हणणं कॉम्प्युटरला समजावणारा ड्रायव्हर आयता मिळत नाही, आपल्याच मशीनवर बांधावा लागतो. त्यासाठी कर्नलचा सोर्स लागतो. कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा, आणि सोर्स म्हणजे तो गाभा ज्यातून घडवला तो मूळ कोड. अपडेटमध्ये गाभा बदलला, तेव्हा नव्या सोर्सवर ड्रायव्हर पुन्हा बांधायचा. त्यात काय विशेष? नव्या कर्नलचा नंबर मी अपडेट होताना वाचला होता, लक्षातही होता. कर्नलवाल्यांच्या साइटवर गेले, त्या नंबरचा सोर्स उतरवून घेतला, ड्रायव्हर बांधला. तर सिस्टीम म्हणते, हा माझ्या कर्नलचा नव्हे. अगं, नंबर तोच आहे की! पुन्हा बांधला. पुन्हा तेच.

हे पेपरामागून म्हणाले, "खालून भंगारवाला चाललाय. हाक मारू?"

"मारा. तुमचा रेडिओही काढून ठेवा."

तेवढ्यात आपा आल्या. पाटी चालते का हे त्यांनी विचारलं नाही, माझा चेहराच बघितला असणार. डाळिंबी ओढणी मांडीवर घेऊन गॅलरीत बसल्या आणि पिशवीतली रिळं एकेक करून तिच्यावर धरू लागल्या. एकसारख्या दिसणाऱ्या दोन रिळांतलं एक बाजूला टाकलं.

मी म्हटलं, "आपा, दोन्हींवर नंबर एकच आहे."

"नंबर एकच, पण रंगवलंय वेगवेगळ्या ठिकाणी. उजेडात या वहिनी, धरून बघा."

धरून बघितलं आणि माझी मलाच गंमत वाटली. जन्मभर मी लक्ष्मी रोडला फॉल घ्यायला गेले ती साडी काखोटीला मारूनच. नुसतं "मोरपंखी द्या" असं तोंडी सांगून फॉल आणणाऱ्या बाईला आम्ही बायका हसतो. आणि कर्नलचा सोर्स मात्र मी तोंडी नंबर सांगून आणला होता, तोही भलत्याच दुकानातून.

आत येऊन आधी चालू असलेल्या कर्नललाच त्याचं पूर्ण नाव विचारलं. त्याला एक साधी आज्ञा आहे. नंबर आला, आणि नंबरामागे ही लांब शेपटी. ती शेपटी मी वाचलीच नव्हती. आमची सिस्टीम बनवणारे लोक मूळ कर्नल घेतात, त्यात आपल्या दुरुस्त्या करतात, मग आपल्याला देतात. साइटवरचा होता तो दुरुस्त्यांआधीचा. दुरुस्त्यांसकटचा सोर्स मिळतो तो सिस्टीमच्या स्वतःच्या कोठारात, आणि त्याची किल्ली पॅकेज मॅनेजरकडे, म्हणजे कोठारातून हवं ते आणून देणाऱ्या प्रोग्रामकडे. त्याला शेपटीसकट पूर्ण नाव सांगितलं. त्यानं निमूटपणे नेमका तोच सोर्स आणून दिला.

ड्रायव्हर बांधून होईपर्यंत ह्यांनी चहा केला. भंगारवाला तोवर नागनाथ पाराकडे गेला असावा. ड्रायव्हर चढवला. सिस्टीमची तक्रार नाही. आपांनी पेन पाटीवर टेकवलं, आणि पडद्यावर देठ पुढे सरकला.

मग त्यांनी पेन खाली ठेवलंच नाही. त्यांचा चहा निवला, मी दुसरा ठेवला.

कारागीर आला तेव्हा मी कोपऱ्यावरच्या दुकानातून नक्षी छापून आणली होती. त्यानं कागद ओढणीवर पसरला, शेवटच्या फुलावर बोट ठेवलं.

"हे जरा वाकडं आलंय, आपा."

मी खुर्ची ओढली, पडद्यावर सरळ करायला कितीसा वेळ लागतो. आपांनी माझा हात धरला.

"तसंच भर, बेटा," त्या म्हणाल्या. "तिला ओळखू येऊ दे."